चौदाव्या मिनिटाचा बदाम

जगातल्या प्रत्येक थोर प्रेमाची सुरुवात नजरेने होते. नजर नजरेला भिडते, काळ थबकतो, आणि दोन जीव जन्मोजन्मीची ओळख पटल्यासारखे एकमेकांकडे पाहत राहतात.

सतीशच्या बाबतीत नजर होती. काळही थबकला होता, कारण रिमोटवरचं पॉजचं बटण दाबलं की तो थबकतोच. फक्त समोरची मुलगी सतीशला ओळखत नव्हती. ती न्हावरे फाट्यावर दौंडच्या एसटीची वाट पाहत होती, आणि हे सगळं शिरूरच्या एका लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या टीव्हीवर चाललं होतं.

सतीश कारेगावला एका कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर व्हर्नियर हातात धरून लोखंडी पिना मोजायच्या आणि केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी बाजूला फेकायच्या, हे त्याचं काम. रविवारी तो माणसांत यायचा. म्हणजे, त्याने काढलेल्या ‘रविवार चित्रपट मंडळा’त यायचा. मंडळाचे सभासद पाच. त्यातले दोन शिफ्टमुळे कायम गैरहजर. तिथे जे सिनेमे दाखवले जात ते बाहेर कुणी पाहिलेले नसत आणि आत पाहिल्यावर पुन्हा कुणी पाहत नसे. एका माहितीपटात एक म्हातारा दीड तास विहीर खणायचा आणि पाणी लागायचं नाही. दुसऱ्यात मुक्याबहिऱ्यांच्या शाळेचा बँड होता. एका सिनेमात दोन बहिणी आणि एक शेळी एवढीच पात्रं होती, आणि संवाद बहुतेक शेळीला होते.

असे सिनेमे दोन वर्षं पाहिल्यावर माणूस एक तर सुधारतो, नाही तर स्वतः सिनेमा काढतो. सतीशने काढला. नाव ‘साडेसातची गाडी’. लांबी सत्तावीस मिनिटं. विषय : न्हावरे फाट्यावर गाडीची वाट पाहणारी माणसं. कथा : ती वाट पाहतात.

कॅमेरा रोहनचा, तो धरणारा सतीश. रोहन त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि शिरूर तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचा शूटिंगवाला. सिनेमाची जोडजाडही त्याच्याच मिक्सिंगच्या मशीनवर झाली, आणि तिथेच घोटाळा झाला. चौदाव्या मिनिटाला पोपटी ओढणीतली ती मुलगी कॅमेऱ्याकडे वळते, सरळ आत पाहते आणि काहीतरी बोलते. नेमका त्याच वेळी मागून उसाचा ट्रॅक्टर जातो, फुल आवाजात टेप लावून. त्यामुळे ती काय बोलली ते ऐकू येत नाही. रोहनने तिथे तिच्या चेहऱ्याभोवती लाल बदामाची चौकट टाकली होती.

“हे काय आहे?” सतीशने विचारलं होतं.

“सवय रे. पोरगी एकटी फ्रेममधी आली की हात आपोआप बदामावर जातो.”

“माहितीपट आहे हा, रोहन.”

“मग? माहितीच दिलीय. काढू का?”

सतीशने टीव्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“राहू दे तूर्त,” तो म्हणाला. “नंतर काढू.”

त्या ‘नंतर’ला सहा महिने झाले.

सिनेमा न्हावऱ्याचा, तर पहिल्यांदा न्हावऱ्यातच दाखवायचा, असं ठरलं. समाजमंदिराचा हॉल मोठा होता. किल्ली पोस्टातून रिटायर झालेल्या बन्सीमामांकडे असते, असं कळलं. सतीशने फोन लावला. तो बन्सीमामांच्या मंडळी अंजनाबाईंनी उचलला.

“जय भीम. मी कारेगावहून सतीश बोलतोय. कंपनीत असतो. येत्या रविवारी स्थळ बघायला येऊ का?”

आता मराठी भाषेने कार्यक्रमाच्या जागेला आणि लग्नाच्या मुलामुलीला एकच शब्द का ठेवला, हे भाषेलाच विचारायला हवं. सतीशचा त्यात दोष नव्हता. अंजनाबाईंचाही नव्हता. त्यांच्या भावाने, संपतने, आठवडाभरापूर्वीच सांगून ठेवलं होतं की कंपनीतल्या एका पोराचा फोन येईल म्हणून.

“या की, या!” अंजनाबाई म्हणाल्या. “किती जण येणार?”

“रविवारी आम्ही दोघंच. पण पुढं कार्यक्रमाला साठ-सत्तर तरी होतील.”

“व्हतील की. आमचंबी गोत मोठं हाय.”

“एकच विचारायचं होतं. स्थळ जरा अंधारं असलं तर बरं.”

पलीकडे बांगड्या खणकल्या.

“सावळी हाय,” अंजनाबाई ताठ आवाजात म्हणाल्या. “अंधारी न्हाई.”

सतीशला ऐकू आलं, सावली आहे. “सावली चालेल,” तो उदारपणे म्हणाला. “बाकी आम्ही पोती लावून झाकून घेऊ.”

अंजनाबाईंनी फोन ठेवला आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, “पोरगं कमावतं हाय. पर जरा येगळंच वाटतंय.”

रविवारी सकाळी सतीश आणि रोहन मोटारसायकलवरून उतरले तेव्हा अंगणात सडा पडला होता. ओसरीवर नवी सतरंजी. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना ताजे हार. समाजमंदिर शेजारीच, एका भिंतीपलीकडे. पण तिकडे कुणी नेईना.

“बसा पाव्हणं,” बन्सीमामा म्हणाले. “शिक्षण?”

“डिप्लोमा. मेकॅनिकल.”

“घरी कोण कोण?”

“आई, धाकटा भाऊ. आम्ही मूळचे कवठे येमाईचे.”

“व्यसन?”

“सिनेमा.”

बन्सीमामांनी मान डोलावली. हॉलची किल्ली देण्याआधी इतकी बारीक चौकशी करणारं गाव सतीशला फार आवडलं. सार्वजनिक मालमत्तेची काळजी असावी तर अशी.

“स्थळ जुनं आहे का?” त्याने विचारलं.

दाराआडून अंजनाबाईंचा आवाज आला. “सव्वीस संपत्याल आता.”

“मग मजबूत असेल,” सतीश म्हणाला.

आत बांगड्या वाजल्या. कुणीतरी हसू दाबलं. मग पडदा सरकला आणि पोह्यांच्या ताटल्या घेऊन ती बाहेर आली.

सतीशने वर पाहिलं... आणि त्याच्या तोंडचं पाणी, पोहे खाण्याआधीच, पळालं.

तीच. ओढणी पोपटी नव्हती, इतकाच फरक. सहा महिने टीव्हीच्या काचेआड अडकलेली ती मुलगी हातभर अंतरावर उभी होती आणि पोह्यांवरच्या लिंबाची फोड घरंगळू नये म्हणून ताटली तिरपी धरत होती. तिची ही लकब सिनेमात नव्हती. सतीशला उगाचच वाईट वाटलं.

“तुम्ही...” तो म्हणाला. “तुम्ही रोज साडेसातच्या गाडीला असता ना?”

“तुम्हाला काय माहीत?”

ओसरीवरची हवा बदलली. बन्सीमामा सरळ बसले. परिस्थिती सावरायला हवी हे ओळखून रोहन तोंडात घास असतानाच बोलला.

“सहा महिनं झालं बघतोय हा तुम्हाला. रोज. कधी कधी दोनदा.”

पुढची पाच मिनिटं फार आवाजाची गेली. अंजनाबाईंनी संपतचा उद्धार केला, रोहनने मशीनची शपथ घेतली, आणि सतीश ‘हॉल, हॉल’ असं म्हणत समाजमंदिराच्या भिंतीकडे बोट दाखवत राहिला. अखेर बन्सीमामांच्या डोक्यात उजेड पडला. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. अंजनाबाई मात्र तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी आतून कढईवर राग काढला.

किल्ली घेऊन हॉल दाखवायला बन्सीमामांनी लेकीला, मोनालीला पाठवलं. मोनाली हे तिचं नाव, हे सतीशला सहा महिन्यांनी कळलं.

“म्हणजे तुम्ही मला बघायला आलाच न्हाईत?” कुलूप उघडताना तिने विचारलं.

“नाही. म्हणजे... सहा महिने बघतोय, पण बघायला आलो नव्हतो.”

“आन् तुम्हाला अंधारी पाहिजे होती म्हणं.”

“ते हॉलबद्दल होतं!”

“मला न विचारता पिक्चरमध्ये घेतलं?”

“विचारणार होतो. पण तुम्ही गाडीत बसून गेलात.”

“रोज जाते,” ती म्हणाली. “रोज परत पण येते.”

सतीशने टेप काढून भिंत मोजली. भिंत सोळा फूट होती. त्याने ती तीनदा मोजली.

“तुमची हरकत असेल तर तेवढं काढून टाकतो,” तो टेपकडे पाहत म्हणाला.

“किती हाय तेवढं?”

“अकरा मिनिटं.”

“सत्तावीसमधली?” तिच्या एका गालात हसू आलं, दुसऱ्यात नाही. “मग उरंल काय?”

“फाटा.”

“ऱ्हाऊ द्या मग. फाटा कोण बघंल?”

त्याने धीर केला. “एक विचारू? चौदाव्या मिनिटाला तुम्ही कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोललात. ट्रॅक्टरमुळं ऐकू आलं नाही. सहा महिने विचार करतोय... काय म्हणालात?”

मोनालीने त्याच्याकडे पाहिलं. तिला आठवत होतं. ते तिच्या भुवईवरून कुणालाही कळलं असतं. सतीशला कळलं नाही.

“आधी पिक्चर दाखवा,” ती म्हणाली. “मग सांगते.”

मोनाली दौंडला डोळ्यांच्या एका दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायचं काम करायची, हे निघताना बन्सीमामांच्या बोलण्यातून कळलं होतं. बुधवारी तिथल्या रांगेत सतीश बसलेला होता. दुसरी शिफ्ट होती आणि डोळे दुखत होते, असं त्याने रोहनला सांगितलं होतं. दुसरी शिफ्ट होती, हे खरं होतं.

तिने त्याच्या नाकावर ती जड, गोल, लोखंडी फ्रेम चढवली. तिची बोटं कानामागून गेली. सतीश पिनेसारखा ताठ झाला.

“शेवटची ओळ वाचा.”

“कुठली ओळ?”

“बरं. वरची वाचा.”

“ती... ओळ आहे का?”

मोनालीने सुस्कारा सोडला आणि ती काचा बदलायला लागली. “आता सांगा. पहिलं... का दुसरं?”

“पहिलं.”

“आता? पहिलं का दुसरं?”

“परत दाखवा.”

“पहिलं... दुसरं.”

“आणखी एकदा.”

“अहो, बाहेर बारा पेशंट हाईत. मायनस दीड हाय तुमचा. लांबचं काही दिसत न्हाई तुम्हाला. पिक्चर धुरकट दिसतो का हो तुमचा?”

सतीशने नाकावरची फ्रेम सावरली. त्या धुरकटपणाला तो आजवर ‘अस्तित्वाची संदिग्धता’ समजत आला होता, आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होता.

“रविवारी येताय ना?” त्याने विचारलं. “तीन वाजता आहे.”

ती काचा डबीत लावत होती. एकेक काच आपल्या खाचेत.

“रविवारी दोनला खरं स्थळ येतंय. संपतमामाने आणलेलं. सुपरवायझर हाय, पुण्याला फ्लॅट हाय. त्यांना घरी राहणारी पाहिजे. आई म्हणती, हो म्हणून टाक. परत कुणी हॉल बघायला यायच्या आत.”

“मग ही नोकरी?”

“सोडायची.”

“तुम्हाला काय वाटतं?”

मोनाली थांबली. “दिवसातून साठ माणसांना मी विचारते, पहिलं का दुसरं. मला कुणी विचारत न्हाई.”

हा क्षण होता. सिनेमातला नायक असता तर इथे काहीतरी बोलला असता. शेळीसुद्धा बोलली असती. सतीशने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो म्हणाला, “सतरंज्या आम्ही आणतोय.”

तिने नंबराचा कागद त्याच्या हातात ठेवला. “चष्मा शनिवारी घेऊन जा. मग तरी दिसंल तुम्हाला.”

रविवारी तीन वाजता समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती लागली. बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो होते तिथेच राहिले. पांढरी चादर बाजूच्या भिंतीवर ताणली. शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधून प्रोजेक्टर आणला होता. माणसं ऐंशी झाली. सतीशच्या मंडळाने आयुष्यात एवढी माणसं पाहिली नव्हती. त्यातला एक सभासद घाबरून मागे जाऊन बसला.

पहिल्यांदा विहीर खणणारा म्हातारा लागला. कारेगावात हा माहितीपट निःशब्द शांततेत पाहिला जाई. न्हावऱ्यात दुसऱ्या मिनिटाला सल्ले सुरू झाले.

“आरं, पाणाड्याला दाखवलं न्हाई का ह्यानी?”

“तिथं कवा लागंल पाणी? खडक हाय समदा.”

“म्हाताऱ्या, सोड की लेका! उरलेला जल्म तिथंच घालवणार व्हय?”

शेवटी पाणी लागलं नाही तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून.

बँड झाला, शेळी झाली. शेळीच्या वेळी बन्सीमामा सगळ्या पाहुण्यांना घेऊन आले. शेजारी कांदेपोहे उरकले होते. सुपरवायझर, त्याची आई कस्तुराबाई, संपतमामा, अंजनाबाई. मागून मोनाली, पोपटी ओढणीत. “संध्याकाळपत्तुर सांगतो,” असं कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, पण त्यांचा चेहरा होकाराचा होता. मंडळी पहिल्या रांगेत बसली.

‘साडेसातची गाडी’ सुरू झाली. सतीशने नवा चष्मा चढवला.

गाव आनंदाने वेडं झालं. “आरं, आबा बघ!” “माझं डबडं! माझ्या दुधाचं डबडं हाय त्ये!” सतीशला हे ऐकूच येत नव्हतं. तो आपला सिनेमा जन्मात पहिल्यांदा स्पष्ट पाहत होता, आणि त्याला एक भयंकर गोष्ट कळत होती. मुलीच्या ज्या नजरेला तो सहा महिने ‘व्याकूळ’ समजत होता, ती व्याकूळ अजिबात नव्हती. ती वैतागलेली होती.

आणि मग चौदावं मिनिट आलं. ते आता येईल, आणि त्यात काय आहे, हे सतीशला बरोबर एक सेकंद आधी आठवलं.

“रोहन!” तो ओरडला. “बदाम!”

रोहनने घाईने बटण दाबलं. ते पॉजचं होतं.

सोळा फुटांच्या भिंतीवर, लालभडक बदामात, मोनालीचा चेहरा थबकला.

हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली.

“ह्ये काय?” कस्तुराबाई उठल्या. “पोरीचं आधीच ठरलेलं हाय व्हय? आन् आम्हाला पोहे खायला बोलावलं?”

“आई, बस ना,” सुपरवायझर हळूच म्हणाला. “चांगला चाललाय पिक्चर.”

अंजनाबाईंनी कपाळाला हात लावला. सतीश माणसं ओलांडत पुढे गेला आणि चादरीसमोर उभा राहिला. बदाम त्याच्या शर्टावर आला. मोनालीचा एक डोळा त्याच्या खिशावर.

“यात मोनालीची काही चूक नाही,” तो म्हणाला. “तिला हे माहीतसुद्धा नव्हतं. बदाम मशीनचा आहे. रोहनने सवयीनं टाकला. तो म्हणाला, काढू का? मी... मी म्हणालो, राहू दे. सहा महिने म्हणतोय, राहू दे. कंपनीत मी केसाएवढी चूक पास करत नाही. ही एवढी मोठी केली.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता पहिल्या रांगेतली ती त्याला स्वच्छ दिसत होती, हे आणखी अवघड होतं.

“त्यांची नोकरी त्यांना आवडते. ती सोडावी लागू नये. दौंडची गाडी आमच्या... म्हणजे, कुठूनही मिळते. स्थळ बघायला आलो तेव्हा हॉल बघायला आलो होतो. आज परत यायला सांगितलं, तर मी... हॉल बघणार नाही.”

ऐंशी माणसं या वाक्याचा अर्थ लावत राहिली. पहिल्यांदा लागला तो बन्सीमामांना. ते उठले नाहीत. नुसते लेकीकडे वळले. घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी भर गावात विचारलं.

“बोल बाय. तुझं काय? पहिलं स्थळ, का दुसरं?”

मोनालीने सुपरवायझरकडे पाहिलं. त्याने समजूतदारपणे खांदे उडवले. तिने आईकडे पाहिलं. अंजनाबाई पदराआड होत्या, पण पदर हलत नव्हता. म्हणजे त्या ऐकत होत्या.

“पहिलं,” मोनाली म्हणाली. “पहिलं स्पष्ट दिसतंय.”

मग जो गलका झाला त्यात एका खिडकीचं पोतं पडलं. रोहन दोन्ही हात वर करून नाचला. संपतमामा कस्तुराबाईंना समजावू लागला. “घ्या, म्हातारं उगाच खणत बसलं, हितं बघा कसं पाणी लागलं,” असं मागून कुणीतरी म्हणालं. सतीश मात्र तसाच उभा होता, छातीवर बदाम घेऊन. त्याला आता एवढंच हवं होतं.

“मोनाली,” तो म्हणाला, आणि गलका ऐकण्यापुरता खाली आला. “पिक्चर दाखवला. आता सांगा. त्या दिवशी फाट्यावर... माझ्याकडं बघून... काय म्हणाला होतात?”

“सांगू?”

“सांगा.”

“आत्ता पण तेच म्हणायचंय मला.”

सतीशने श्वास रोखला. गावाने रोखला. सुपरवायझरनेसुद्धा रोखला.

“अहो,” मोनाली म्हणाली, “जरा बाजूला सरका की. पुढचं काय दिसत न्हाई.”